शिशाचे मणी

संध्याकाळी कामावरून परतताना मी खाडीच्या धक्क्यावर जरा टेकतो. बोलायचं त्राण नसतं, म्हणून नुसता बघत बसतो. शेजारचे तात्या तिथे पागाला शिसं लावत असतात. पाण्यात फेकायच्या त्या जाळ्याला कडेने शिशाचे मणी लागतात. चिरलेला मणी दोरीवर बसवायचा आणि दाढेखाली दाबून घट्ट करायचा. तात्यांचे वडीलही असंच करायचे.

जन्मभर चावलेलं ते शिसं आता तात्यांच्या अंगात मुरलंय. हिरड्यांवर निळसर काळी रेघ उमटली आहे, पोटात कळा येतात, भूक तर मेलीच आहे. डॉक्टर म्हणाले, शिसं हाडांत जाऊन बसतं, लवकर निघत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. रोज थोडं थोडं आत गेलेलं काहीच लवकर निघत नाही. दुखेपर्यंत आपण त्याला सवय म्हणतो. माझ्या हाडांत काय काय बसलंय, कोण जाणे.

आज न राहवून मी म्हणालो, "तात्या, दाताने नको म्हणालेत ना डॉक्टर? पक्कड घ्या की."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता, वारा पडलेल्या शिडासारखा. शिशाने हाताच्या नसाही खाल्ल्या होत्या.

"पक्कड दाबायला मनगट लागतं," ते शांतपणे म्हणाले. "दात आहेत अजून."

आणि त्यांनी पुढचा मणी तोंडात धरला.