कार्बीनचे दोन ठिपके

समोरच्या दारातल्या टापटीप सरांना रसायनशास्त्र किती येतं, हा वादाचा मुद्दा आहे. फळा मात्र ते देखणा लिहितात. केस पिकले तरी कॉलेजातली नोकरी हंगामीच, पण ऐट अशी की खडूसुद्धा घरून नेतात. परवा कायम नेमणुकीसाठी समितीसमोर तास घ्यायचा होता.

"आज तरी जरा पुस्तकात बघा," बायको डबा भरता भरता म्हणाली.

"फळ्यावरून माणूस कळतो," असं म्हणून सर बाहीची घडी नीट करत निघाले.

विषय होता कार्बनची तापट भावंडं, म्हणजे चटकन अभिक्रिया करून बसणारी त्याची रूपं. सरांनी पहिली तीन झोकात उरकली: इलेक्ट्रॉन कमी पडलेला, धन भाराचा कार्बोकॅटायन, जास्तीची जोडी बाळगणारा, ऋण भाराचा कार्बॅनायन, आणि एकट्या इलेक्ट्रॉनवर मिरवणारा, भार नसलेला रॅडिकल. मग आला कार्बीन. बंध दोनच, मोकळे इलेक्ट्रॉन दोन, भार शून्य. सरांनी सुबक C काढून इलेक्ट्रॉनचा एक ठिपका वर दिला, एक खाली. कायम असेच देत आले होते. दोन्ही एकाच अंगाला आले की चित्र कलतं, असं त्यांचं ठाम मत.

"हा दुहेरी बंधाला एका झटक्यात चिकटतो," सर म्हणाले, "म्हणून तिथले अणूंचे गट होते त्याच बाजूला राहतात."

समितीतल्या बाईंनी चष्मा सावरला. "सर, तसं वागतो तो जोडीवाला कार्बीन, दोन्ही इलेक्ट्रॉन शेजारीशेजारी असलेला. तुमचे इलेक्ट्रॉन तर वेगळे राहताहेत. असला कार्बीन दोन टप्प्यांत चिकटतो, मधल्या वेळात गट फिरतात. चित्र एकाचं, गुण दुसऱ्याचे."

"बाई, ठिपके कुठे द्यायचे हा सोयीचा भाग आहे."

"कुणाच्या सोयीचा?"

प्राचार्य खाकरले. "अहो, एक ठिपका हलवा आणि पुढे चला."

अख्खी नोकरी त्या ठिपक्यावर येऊन ठेपली होती, आणि सरांनाही ते कळत होतं. त्यांनी खालचा पुसून वरच्याशेजारी बसवला. मागे सरकून पाहिलं. खालचं अंग उघडं पडलं होतं. डोळ्यांत सलायला लागलं, हात शिवशिवला, आणि गृहस्थाने खालीही एक जोडी ठेवून दिली.

"आता कसं भरल्यासारखं वाटतंय."

बाईंनी ठिपके मोजले. "आता याच्यावर दोन ऋण भार चढले, सर. हा कार्बीन उरलाच नाही."

प्राचार्यांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. "झालात कायम?"

"त्यांना नजरच नाही गं."

"म्हणजे हंगामीच," ती म्हणाली. "मग सरळ सांगा की."