रशीदचाचांचे मोहल्ले

रशीदचाचा भाव कधीच आधी सांगत नसत. गाडा थांबवला की पपईची नाहीतर टरबुजाची एक फोड कापून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत आणि त्याच्या हाताकडे बघत राहत. पस्तीस-चाळीस वर्षं बीडच्या गल्ल्यांतून फळांचा गाडा ढकललेला हा माणूस त्या एका फोडीवरून अख्ख्या मोहल्ल्याची पारख करायचा. "बशीरगंजात फोड दिली की मानूस आदी लेकराच्या तोंडात घालतो," ते सांगत. "सायबांच्या कॉलनीत इचारतात, 'चाकू धुतलाय का?' मंग समजायचं, हितं आपन आजारी पडलो तरी कोनी डोकवायचं न्हाई." मी शाळेत भूगोल शिकवतो. दुपारी त्यांचा गाडा माझ्या घरासमोरच्या लिंबाखाली थांबायचा, त्यामुळे ही मतं मला रोज ऐकावी लागत. सगळी पटत नसत, पण चाचांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांची एकुलती एक मुलगी नसरीन माझी विद्यार्थिनी. नर्सिंग शिकली, जहाजावरच्या इंजिनिअरशी तिचं लग्न झालं आणि ती स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, समुद्राकाठच्या त्या बंदरात, राहायला गेली. नवरा सहा-सहा महिने पाण्यावर. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा नसरीननं वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. "अब्बा, मोहल्ला तुमी बघा," म्हणाली. एवढं मोठं काम चाचांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं गाडा नव्हता. चाचा रोज सकाळी कोटाच्या खिशांत चार संत्री घालून ट्रामनं निघत, एखाद्या भागात उतरून बाकावर बसत, संत्रं सोलत आणि शेजारी येईल त्याच्यापुढे दोन फोडी धरत. तिथली भाषा येत नव्हती, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. संध्याकाळी मला व्हॉट्सअॅपवर त्यांच्या आवाजात अहवाल यायचा.

"मास्तर, आज नदीपल्याड गेलतो. हिसिंगेन म्हनतात. पैले जहाजं बांदायचे तितं. आपलं नदीपल्याडचं पेठ बीडच समजा. अलीकडच्या काठाचे लोक नाक मुरडतात, पन मानसं कामाची हायेत. एकानं फोड घेतली आन् डब्यातला अर्दा पाव मला दिला." पुढच्या आठवड्यात मायोर्ना. "खालचा मजला दगडाचा, वरचे दोन लाकडाचे. जुनी मजुरांची वस्ती. बाया पायरीवर बसून कॉफी पितात. बरंय." डोंगराकडच्या आंगेरेडला गेले तर परत यायलाच तयार नव्हते. सोमाली, कुर्द, इराकी, सगळे एकाच इमारतीत. "संत्रं हातात उरलंच न्हाई, मास्तर! एका बाईनं घरी नेलं, चा पाजला. पोरीचं घर हितंच."

शेवटी राहिला लाँगेद्राग. पांढरी घरं, बांधून ठेवलेल्या बोटी, वारा आणि समोर समुद्र. बीडच्या उन्हात वाढलेल्या नसरीनचा जीव त्या पाण्यावर जडला होता. चाचा तिथं चार दिवस बसले. चार दिवसांत एकानंही फोड घेतली नाही. "मी बाकावर बसलो की दुसरा मानूस हुबाच राहतो. हसतात, मान हलवतात, निघून जातात. कावून? मी काय चावतो?"

मी माझं भूगोलाचं ज्ञान पाजळलं. म्हटलं, अनोळखी माणसाला मोकळं सोडणं हाच तिकडचा अदब असेल.

"अदब चुलीत घाला," चाचा म्हणाले. "जावई दर्यात, मी बीडात. उद्या मला काय झालं तर पोरीच्या दारात कोन येईल, तेवडं सांगा."



नसरीननं घर लाँगेद्रागलाच घेतलं. बापाचा हट्ट मुलीत पुरेपूर उतरला होता, त्याला कोण काय करणार? चाचा परतले, गाडा पुन्हा लिंबाखाली लागला, पण घोर काही गेला नाही. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बाजूवाली बोलती का?" ती म्हणे, "मान हलवती, अब्बा." दोन वर्षं हेच. फोन ठेवून चाचा माझ्याकडे असे बघत, की ते घर जणू मीच निवडलं होतं. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी चाचा गाड्यापाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. नसरीनला फोन मीच केला. नवरा जहाजावर होता. ती दुसऱ्या दिवसाआधी पोहोचणं शक्य नव्हतं आणि दफन त्याच संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, ठरलं होतं. "सर, मला फोनवर दाखवा," एवढंच ती म्हणाली.

कब्रस्तानात मी भिंतीपाशी फोन धरून उभा राहिलो. पडद्यावर नसरीन होती आणि तिला खेटून पांढऱ्या केसांची एक म्हातारी बसली होती. डोक्यावर नसरीनचाच एक स्कार्फ तिनं कसाबसा गुंडाळला होता. हात नसरीनच्या पाठीवर.

"कोण आहेत गं या?" मी विचारलं.

"बाजूवाली, सर. माझं रडणं भिंतीतून ऐकू गेलं, तर दार वाजवलं. सकाळपासून हलली नाही. विमानतळावर पण तीच सोडणार आहे."

लोक माती देत होते. माझी पाळी आली तेव्हा फोन शेजारच्याच्या हातात देऊन मी पुढे झालो. मला रडू आवरेना. ओंजळभर माती टाकली आणि आजूबाजूचे ऐकतील याची पर्वा न करता मोठ्यानं म्हणालो, "चाचा, बाजूवाली आलीय."