काख कोरडी आहे का?

आमच्या मोठ्या सिस्टर वॉर्डात आल्या की थेट पेशंटच्या काखेत हात घालायच्या. मग माझ्याकडं न बघता विचारायच्या, "कोरडी?" मला त्या बाईचा भयंकर राग यायचा. आजही येतो, उगाच कशाला लपवू?

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात मी तेव्हा नवी नर्स होते. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट यायचे. कीटकनाशकानं माणूस नुसता पाझरतो. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी. छातीतही पाणी भरतं, नाडी मंदावते. त्यावर उतारा ॲट्रोपिन. ते सगळं सुकवतं, नाडी पळवतं; काख कोरडी झाली की औषध पुरलं असं समजायचं. मग चेहरा लाल होतो, तोंडाला कोरड पडते, पेशंट बरळायला लागतो. नातेवाईक घाबरले की सिस्टर खेकसायच्या, "बडबडतोय म्हंजे जित्ता हाय. व्हा बाहेर!"

एकदा पाचोडची बाई आली, कपाशी फवारता फवारता कोसळलेली. ॲट्रोपिन सुरू केल्यावर तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी पळायला लागली. मला वाटलं, झालं काम. कुणाला न विचारता मी औषध कमी केलं. काखेत हात घातलाच नाही. किळस यायची हो, खरं सांगते.

थोड्याच वेळात तिची छाती घुरघुरायला लागली, ओठ निळे पडले. सिस्टर धावत आल्या. डॉक्टरांना हाक मारली, एकामागून एक इंजेक्शनं गेली.

"डोळे काय बघती? डोळे फसवत्यात! छाती ऐक, काख बघ!" सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी माझा हात मनगटाला धरून त्या ओल्या काखेत कोंबला. "सुकल्याबिगर काढायचा नाय!"

मी तशीच उभी राहून रडत होते. दुपारी काख सुकली, छाती मोकळी झाली. बाई पाणी मागायला लागली. बाई वाचली म्हणून मी हात जोडले, तोवर सिस्टरनी माझी लेखी तक्रारही करून टाकली होती.

त्या रिटायर झाल्या तेव्हा निरोपाला मी मुद्दाम गेले नाही.

गेल्या वर्षी त्या माझ्याच वॉर्डात पेशंट म्हणून आल्या. हार्ट अटॅक. नाडी बघायला वाकले आणि हात आपोआप काखेत गेला. गार घामानं चिंब.

"कोरडी?" त्यांनी विचारलं.

"कोरडी आहे, सिस्टर."

"खोटारडी," त्या पुटपुटल्या. पण माझा हात त्यांनी तिथंच दाबून धरला. शेवटी तो मलाच सोडवून घ्यावा लागला.