दुःख कुटायला लावणारे अत्तारचाचा

“कुटा. गम आजून जाडाभरडा हाय तुमचा,” असं म्हणत अत्तारचाचा समोरच्याच्या हातातला बत्ता आपल्या हातानं उचलून धरायचे आणि धाडकन खलात सोडायचे.

मराठवाड्यातल्या वाशीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. चाचांचं दुकान आमच्या समोरच. अत्तराच्या कुप्या नावालाच. खरी विक्री गुलकंदाची, केवड्याच्या अर्काची, जटामांसीची. ज्याचं माणूस गेलं, जिचा संसार मोडला, असे लोक आमच्या डॉक्टरांकडून उठून समोर जायचे. चाचा तयार पुडी कधीच देत नसत. वाळल्या गुलाबपाकळ्या, धने, जटामांसीची मुळं लोखंडी खलात टाकायचे आणि दुखावलेल्या माणसालाच कुटायला बसवायचे. “म्या कुटलं तर गुण मलाच यील,” म्हणायचे.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण बाया कुटता कुटता नवऱ्याला, दिराला, देवालासुद्धा शिव्या हासडायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि मग कुठं त्यांना रडू फुटायचं. तेव्हा चाचा अर्काचा पेला पुढं करायचे. एका मास्तरांचं ठरलेलं लग्न मोडलं, तर ते महिनाभर रोज येऊन कुटत होते. शेवटी चाचाच म्हणाले, “मास्तर, बास करा. तुमचा गम उतरला, आता माझा खल फुटंल.”

त्या वर्षी शेजारच्या गावात बांधावरून भांडण झालं आणि एका पैलवानाच्या धाकट्या भावाला भर शेतात कुऱ्हाडीनं तोडलं. ज्यानं तोडलं तो कोर्टातून सुटला. बाजाराच्या दिवशी दुपारच्या मोटारीनं तो उतरणार, हे साऱ्या वाशीला माहीत होतं. पैलवान सकाळपासूनच कुऱ्हाड घेऊन चाचांच्या दुकानाशेजारी उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते.

चाचा बाहेर आले. त्यांनी त्याचा दंड धरला. “पैलवान, मोटारीला येळ हाय. आत बसा, थोडं कुटा.”

“सरका, चाचा.”

“बसा म्हन्तो न्हवं.”

तो बसला. घाव पडायला लागले. आमच्या औषधाच्या बाटल्या फळीवर थरथरत होत्या. पाकळ्यांचं पीठ झालं तरी तो थांबेना. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. पैलवान कुऱ्हाड घेऊन उठला आणि चाचा दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या तोंडावर हाणला. चाचा पडले, पण पडता पडता त्यांनी त्याच्या पायाला मिठी मारली. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडं ऐकू आला. मी धावलो. चाचांच्या दाढीवरून रक्त गळत होतं.

“मार,” ते म्हणाले, “पर ऐकून मार. म्या मारलंय एकाला.”

पैलवानाचा हात वरच राहिला.

“राज्य पालटलं त्या धामधुमीत माझा भाऊ मारला. कुनी मारला, मला ठावं हुतं. कोयता घिऊन त्याच्या घरी गेलो. त्यो न्हवता. त्याचा म्हातारा बाप वसरीवर शेंगा फोडत बसला हुता. म्या त्याला तोडला. तीन घाव. तिसऱ्याला त्यो ‘आई’ म्हनला.” चाचा रक्त थुंकले. “तवापास्नं भावाचं तोंड मला आठवत न्हाय, पैलवान. डोळं मिटलं की म्हातारा दिसतो. केवडा पिलो, गुलाब पिलो. त्याला औषध न्हाय. तुझाबी भाऊ डोळ्यांपुढनं जाईल असाच.”

कुऱ्हाड खाली पडली. पैलवानानं आपलं कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली. तिघांनी धरून ओढलं तेव्हा भिंतीला रक्त लागलेलं होतं. तोवर मोटारीतून उतरलेला तो माणूस खालमानेनं आपल्या घरी निघून गेला होता.

चाचांच्या ओठाला मी पाच टाके घातले. त्यांचा तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. फौजदाराकडं कुणीच गेलं नाही; पैलवानाची तक्रार घेऊनही नाही आणि चाचांचीही नाही. पुढं वर्षभर पैलवानच सकाळी येऊन त्यांच्या दुकानाच्या फळ्या काढायचा.

पाच-सहा वर्षांनी चाचा दम्यानं गेले. पंधरा दिवसांनी एक म्हातारी दवाखान्यात आली.

“समोरचे अत्तारवाले कुठं गेलेत? दोन बुधवार झाले, आले न्हाइत.”

ती येरमाळ्यापलीकडच्या एका खेड्यातली. चाचा दर बुधवारी तिच्या दारात अर्काची बाटली घेऊन जायचे. ते वारल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या मालकाला त्यानंच तोडलं हुतं.”

“आजी, तुम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“व्हय तर. म्या तवा घरातच हुते की.”

“आणि तरी त्यांचं औषध घेत होतात?”

“थेंब न्हाय! त्याच्यासमोर उकिरड्यावर वतायची. तोंडाला यील त्या शिव्या द्यायची. खाली बघून ऐकायचा, अन् फिरून बुधवारी यायचा.”

“मग येऊ तरी का देत होतात?”

तिनं डोळ्याला पदर लावला. “पोरगा तवाच परागंदा झाला, मागं वळून बगितलं न्हाय. माझ्या मालकाची आठवन असलेलं दुसरं कोन हुतं, बाबा?”

ती रस्ता ओलांडून गेली. दुकानाच्या बंद फळ्यांवर तिनं लाथ घातली. पुन्हा एक घातली. मग फळ्यांना पाठ लावून पायरीवर बसली. संध्याकाळी मी दवाखान्याला कुलूप लावलं, तेव्हाही ती तिथंच होती.