आमच्यासारख्यांना हे होत नाही म्हणे

त्या मॅडमने माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला आणि समोर बसलेल्या तीस-पस्तीस माणसांना दाखवला.

मासळीबाजारात मी अशीच सुरमई उचलून दाखवायची. शेपटीला धरायचं, वर करायचं, कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवायचा. ताजी हाय बघ, पहाटेची हाय. सत्तावीस वर्षं हेच केलं. त्या सकाळी कळलं सुरमईला कसं वाटत असेल. फरक एवढाच, की सुरमई तोवर मेलेली असते.

"हे हात बघा," मॅडम म्हणाल्या. "हे व्रण बघा. या बाईंना कधी अँटीडिप्रेसंट घ्यावी लागली असेल? शक्यच नाही. गरजा साध्या, डोक्यात विचारांचा पसारा नाही. यांच्यासारख्यांना हे होतच नाही, फ्रेंड्स. हे आपले आजार. जास्त विचार करणाऱ्यांचे."

टाळ्या पडल्या. एकीने तर डोळे पुसले.

"मावशी, एकदा हसा ना. तुमचं ते खरंखुरं हसू."

आणि मी हसले.

तिने हात धरला याचं मला एवढं नाही. मी हसले याचं आहे. मोबाइल वर झाले, फोटो निघाले. त्यातला एक मॅनेजरने मला दाखवला. इतकी छान दिसते मी त्यात, लग्नाच्या फोटोत दिसले नव्हते. आणि त्या वेळी माझ्या पोटात सकाळच्या चहाबरोबर घेतलेली डिप्रेशनची गोळी होती. आठ महिने झाले होते चालू करून.

काशीदला सुरूच्या बनात ते रिसॉर्ट आहे. मी तिथे तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळीचं कालवण करायला होते. वर्षातून दोन-तीनदा मॅडमचं शिबिर यायचं. आनंदी कसं राहावं, नाती कशी सांभाळावीत, असं. चार दिवस माणसं चटयांवर झोपून श्वास घ्यायची. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, श्वास तर आम्ही पण घेतो, आम्हाला कोणी नाश्ता देत नाही.

आता माझं सांगते. मला झालं काय?

काहीच झालं नव्हतं. हीच तर पंचाईत. नवरा धड आहे, दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट चालवतो. दारू पीत नाही, हात उचलत नाही. मुलगी लग्न होऊन सुखात. सासू होती तोवर छळायची, तीही वेळेवर गेली. तरी दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी बाजारात पाटी मांडून बसले आणि तोंडातून आवाज निघेना. घसा ठीक होता. ओरडावंसंच वाटेना. समोर गिऱ्हाईक उभं, मी मांदेलीकडे बघतेय. माझा आवाज म्हणजे, माझ्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं, कान दुखतात म्हणून. ती मी गप्प.

मग उठावंसं वाटेना. वेणी घालावीशी वाटेना. आमच्या वाडीत दुपारी बायका जवळा निवडायला गोल करून बसतात. जवळा म्हणजे तांदळाएवढी कोळंबी, त्यातला कचरा वेचायचा. त्या गोलात रडायला परवानगी असते, पण कारण लागतं. नवऱ्याने मारलं, रड. बोट फुटली, रड. मी कारणाशिवाय रडायला लागले, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले.

"दृष्ट लागली हिला," कोणी म्हणालं. काढली दृष्ट. मिरच्या वाया गेल्या.

शेवटी माझी जाऊ हिरा मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मनाचा डॉक्टर दर गुरुवारी येतो. माझ्या लेकीच्या वयाचा. सगळं ऐकून घेतलं त्याने. गोळ्या दिल्या, म्हणाला, रोज थोडं चालत जा.

मी म्हटलं, "डॉक्टर, सत्तावीस वर्षं पाटी घेऊन बाजारात चालत गेले. अजून किती चालू?"

तो म्हणाला, "आता पाटी न घेता चाला."

मला पटलं ते.

नवऱ्याला खरं ठाऊक होतं. पण वाडीत सांगायचं काय? मी आणि हिराने ठरवलं, शुगर झालीय म्हणून सांगू. शुगर इज्जतदार आजार आहे. मग काय, वाडीने मला गोड देणंच बंद केलं. त्या गणपतीत माझ्या ताटात मोदक पडला नाही. न झालेल्या मधुमेहाचं पथ्य मी अख्खा गणपती पाळलं. दहा दिवस दुसऱ्यांच्या मोदकांकडे बघत आरत्या म्हटल्या. एवढी हुशार मी.

गोळ्यांनी हळूहळू बरं वाटत होतं. भरती कशी येते, बघत बसलं तर कळत नाही, पण खडक बुडलेला असतो. तसं. बाजारात बसायची हिंमत आली नव्हती, म्हणून रिसॉर्टचं काम धरलं. आणि तिथे मॅडमने माझा हात धरला.

घरी आले आणि तिचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं. यांच्यासारख्यांना हे होतच नाही. शिकलेली बाई. मोठमोठी माणसं तिच्यापुढे पाय मुडपून बसतात. ती कशाला खोटं बोलेल? म्हणजे मीच नाटकी. कोळ्याची बाई, आणि आजार बंगलेवाल्यांचा. शरम वाटली. खरंच सांगते, हात दाखवल्याची नाही वाटली एवढी आजारी असण्याची वाटली.

मी गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी बहिणीकडे दिघीला जायला निघाले. आगरदांड्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. एक सुटली, मी बसून राहिले. दुसरी सुटली. तिसरी सुटली. भर दुपार, डोक्यावर ऊन, आजूबाजूला माणसं, गाड्या, कुल्फीवाला. मी पाण्याकडे बघत होते. कोळ्याच्या पोरीला पाण्याची भीती नसते. त्या दिवशी तेच वाईट होतं. मनात काय येत होतं ते इथे लिहिते, कारण लपवून फार झालं. मी नसले तर सगळ्यांची सुटका होईल, असं येत होतं. आणि ते मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

बहिणीने घरी फोन केला, अजून पोचली कशी नाही म्हणून. नवरा कोणाची तरी मोटरसायकल घेऊन आला. शेजारी बसला. मग म्हणाला,

"गोळी घेतलीस?"

"न्हाय."

"कवापासून?"

मी सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं.

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "बोटीचं इंजिन बसलं की आपण मेकॅनिक आणतो. तवा कोण म्हणतं काय, कोळ्याच्या बोटीचं इंजिन बिघडत न्हाय?"

आमच्या तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. मी रडले. धक्क्यावर, सगळ्यांसमोर. कुल्फीवाल्याने घाबरून कुल्फी दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी नवऱ्याने डॉक्टरला फोनवर गाठायला लावलं. डॉक्टर रागावला. पुन्हा आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, म्हणाला, आणि तसलं मनात आलं तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा दोन-तीन महिने.

मे महिन्यात मॅडमचं शिबिर परत आलं. तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मॅनेजर किचनमध्ये आला. "मावशी, मॅडम बोलावतात. मागच्यासारखंच."

मी पिठाचे हात धुतले. गेले. माणसं नवी, चटया त्याच. मॅडम हसून माझा हात धरायला पुढे आल्या.

मी हात मागे घेतला.

"हात न्हाय देणार, मॅडम."

"अहो, घाबरता काय? आपलीच माणसं आहेत."

"घाबरत न्हाय. मला डिप्रेशन हाय. गोळी चालू हाय. आज सकाळची घेऊन आलेय."

मॅडम हसल्या. लहान मुलाला हसतात तसं. "मावशी, कोणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. तुम्ही दमला असाल. तो शब्द इतका सहज वापरायचा नसतो."

माझा आवाज निघाला. बाजारातला.

"दमले की मी झोपते, मॅडम. दमणं काय नि हे काय, मला कळतं. मागच्या टायमाला तुमी सांगितलंत, आमच्यासारख्यांना हे होत न्हाय. मी तुमचं ऐकलं. गोळ्या बंद केल्या. आगरदांड्याच्या धक्क्यावर जीव द्यायला बसले. मी मेले असते तर तुमी माझा फोटो दाखवून या लोकांना सांगितलं असतं, बघा, किती गोड हसायची."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी किचनमध्ये आले. मागोमाग मॅनेजर. "माफी मागा मॅडमची. आत्ताच्या आत्ता."

"कसली माफी? गोळी खाल्ली त्याची?"

"मग उद्यापासून येऊ नका."

मी अ‍ॅप्रन काढून ओट्यावर ठेवला. मागच्या दाराने निघाले तर शिबिरातली एक बाई तिथे उभी. चाळिशीची, महागडा पंजाबी ड्रेस. हळूच म्हणाली, "माझीही चालू आहे. सासरी माहीत नाही. तुम्ही कसं बोललात?"

मी म्हटलं, "बाय, मी बोलणार हाय ते मला पण ठाव न्हवतं."

ती हसली नाही. मान हलवली आणि आत गेली.

मला वाटलं, झालं. जिंकले. पण खरी लढाई पुढेच होती, आणि ती माझ्याच अंगणात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जवळा निवडायला बसलो. काम का गेलं, बायकांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं.

एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तुला शुगर न्हाय?"

"न्हाय."

"मग गणपतीत मोदक का न्हाय खाल्लेस गो? येडी का खुळी?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण समोर पार्वतीकाकू बसली होती, तिचे हात चालूच होते. वर न बघता म्हणाली, "पुरे झालं. पोरींची लग्नं व्हायची हायत. आपल्यात हे असलं न्हाय होत. गप बस."

तेच बोलणं. मॅडमचंच. हेल तेवढा आपला.

मॅडमचा राग आला होता तेव्हा सोपं होतं. ती परकी होती. पार्वतीकाकू माझ्या लेकीच्या बाळंतपणात रात्रंदिवस राबलीय. तिला काय उत्तर देऊ? आणि तेव्हाच आठवलं, तिची सून दोन महिने झाले, दार लावून पडलेली असते. नळावर येत नाही. तान्हं पोर काकूच सांभाळते. काकू सांगते, सून आळशी आहे, माहेरी लाडावलीय.

"काकू," मी म्हटलं, "होतं आपल्यात. मला झालंय. तुझ्या सुनेला पण झालं असंल. एकदा दाखवू या."

काकूने जवळ्याचं सूप उचललं आणि घरात निघून गेली. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. वाडीतल्या दोघी-तिघींनी मला समजावलं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नको. एकीने हळूच हेही विचारलं, की दवाखान्याची एसटी किती वाजता असते. कोणासाठी ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

उद्या गुरुवार आहे. सकाळच्या एसटीने मी जाणार, आणि थांब्यावर कोणी विचारलं तर कुठे ते सांगणार. त्याआधी काकूच्या दारात जाणार. ती भांडेल. शेजारी गोळा होतील. माझा बाप काढेल, माझी सासू काढेल, होऊ दे. मी आत हाक मारणार, सुनेला तिच्या नावाने, आणि विचारणार, येतेस का. नाही म्हणायचं असेल तर तिने म्हणावं. तिच्या वतीने सासूने नाही, नवऱ्याने नाही, कोण्या मॅडमनेही नाही. तिचं उत्तर मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

एसटी गेली तर जाऊ दे. दुसरी असते. तोवर मी त्या उंबऱ्यावरून हलत नाही.