एकतीस मेच्या आत

भिंतीला भेग असली तर माणूस डागडुजी करतो. पण भिंत फुगून तिने पोट काढलं की काही करता येत नाही, असं आमच्याकडचे गवंडी सांगतात. करंजपाड्याच्या जुन्या भातगिरणीच्या चाळीची मागची भिंत गेली दोन वर्षं पोट काढून उभी होती. गिरणी केव्हाच बंद पडली होती, पण चाळीत नऊ कुटुंबं राहत होती.

गेल्या वर्षी मेच्या सहा तारखेला तालुक्याहून इंजिनीअर आले. त्यांनी भिंतीला दोनदा हात लावला, तिसऱ्यांदा लावला नाही. नोटीस मीच टाइप केली. मी प्राची, इथल्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. ‘इमारत राहण्यास धोकादायक असून एकतीस मेच्या आत रिकामी करावी.’ नऊ प्रती काढल्या.

दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. सरपंच अंबाबाई म्हणाल्या, "शाळेला सुट्टी हाय. दोन वर्ग उघडून देऊ. पुढचं पुढे बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "शाळेत नका नेऊ."

बोलल्या त्या रहिमा धनसे. गावात त्यांना सगळे रहिमाभाभी म्हणतात. पंचेचाळिशीच्या, शिवणकाम करणाऱ्या, सदस्य म्हणून निवडून येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बैठकीत त्या सहसा बोलायच्या नाहीत. फक्त ओढणीचं टोक बोटांनी दुमडायच्या, उलगडायच्या.

"मग काय रस्त्यावर ठेवायचं, भाभी?" अंबाबाईंनी विचारलं.

"खोलीत न्यायचं. सरळ भाड्याच्या खोलीत. एका घरातून उठवायचं ते दुसऱ्या घरात नेण्यासाठीच." मग त्या म्हणाल्या, "दोन हजार पाचच्या पुरात पाताळगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं, भिंती गेल्या. आमाला समाजमंदिरात ठेवलं. आठ दिवस लोक जेवण घेऊन येत होते. मग लोकांना सवय झाली, आमी तिथं असण्याची. मग आमालाबी झाली. सात महिने राहिलो. माझा आदिल तिथं रांगायला शिकला, परक्यांच्या पायांमधून. तिथं जाताना मी माणूस होते, बाहेर पडले तोवर ‘समाजमंदिरातली’ झाले होते."

ग्रामसेवक योगेंद्र भाऊसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "भाडं पंचायतीने द्यायचं नियमात बसत नाही, ताई."

"तुमी हुशार हाय, भाऊसाहेब. बसवा."

योगेंद्र भाऊसाहेब कागदाचा माणूस. त्यांनी दोन दिवस जुनी परिपत्रकं चाळली, पंचायत समितीत चार फोन केले आणि तिसऱ्या दिवशी विशेष ग्रामसभा लावली. ठराव झाला : आपत्ती टाळण्यासाठी पंचायतीच्या निधीतून प्रत्येक कुटुंबाचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं थेट खोलीमालकाला द्यायचं. खोल्या कोण शोधणार, हे ठरावात लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी भाभींकडे पाहिलं.

त्यानंतरचे वीस दिवस मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. सकाळी ऑफिस उघडलं की त्या दारात हजर, पायातली चप्पल तशीच. "प्राची, काय खबर हाय का गं?" मी पाणी दिलं तर अर्धा पेला पिऊन निघायच्या. घरी लग्नसराईचे ब्लाउज कापून पडले होते, गिऱ्हाइकं तोंडावर बोलत होती. भाभींचे यजमान कमालचाचा टेंपो चालवतात. ते एकदा मला म्हणाले, "बाई जेवताना एक घास उजवीकडे ठेवते, फोन डावीकडे. घास तसाच राहतो."

चार-पाच वेळा मी माझ्या स्कूटरवर त्यांना घेऊन गेले. भिसेगावात, खोपोलीत, मधल्या वाड्यांत. रिकाम्या खोल्या खूप होत्या. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या, आठवडाभर कुलूप लागलेल्या. पण माणसं कोण, हे विचारलं की मालकांचे चेहरे बदलायचे. आदिवासी ठाकर कुटुंब नको. एकटी बाई नको. पाच मुलं नकोत. गावातल्या विमलबाईंच्या घरामागे चार खोल्या होत्या. त्यांनी पाट मांडला, भाभींना सरबत दिलं आणि विचारलं, "खोली तुमच्या माणसांसाठी का हो?"

भाभी शांतपणे म्हणाल्या, "हो. माझीच माणसं. नऊच्या नऊ घरं."

विमलबाई ओशाळल्या. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं?" भाभींनी खरोखरच विचारलं, रागाने नाही. विमलबाईंनी दोन खोल्यांच्या किल्ल्या आणून दिल्या. त्यातली एक बुधीच्या कुटुंबाला. बुधी ठाकर समाजातली, वीटभट्टीवर काम करणारी. विमलबाई आठ दिवस मोरीवरून कुरकुरल्या. पुढे बुधीनेच त्यांच्या परसातली तुंबलेली मोरी मोकळी केली, तेव्हा कुरकूर थांबली.

अठ्ठावीस तारखेपर्यंत आठ घरं हलली. कमालचाचांच्या टेंपोतून कपाटं, पिंपं, बकऱ्यासुद्धा गेल्या. नववं घर हलेना.

नववं घर सोनुबाईंचं. सत्तरीच्या, एकट्या. त्यांचा मुलगा जगदीश चार वर्षांपूर्वी भांडून गेला तो परतला नव्हता. फोन नाही, पत्र नाही. सोनुबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. "मी नाय जायची. पोरगा आला नि दार बंद दिसलं तर? त्याला हेच घर ठाव हाय."

सरपंचांनी समजावलं. पोलीस पाटील येऊन गेले. तीस तारखेला भाभी गेल्या, मी बरोबर होते. भाभी त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसल्या. वीस दिवसांत पहिल्यांदा बसल्या. मागच्या भिंतीतून बारीक माती गळत होती, त्याचा आवाज येत होता. माझं सगळं लक्ष तिकडे.

"मावशी, जगदीशला वाचता येतं?"

"धावी पास हाय तो."

"मग त्याच्यासाठी लिहून ठेवू."

भाभींनी मला दुकानातून लाल ऑइलपेंट आणायला पाठवलं. चाळीची पुढची भिंत रस्त्याला लागून, धड होती. तिच्यावर त्यांनी स्वतः लिहिलं, हातभर उंचीच्या अक्षरांत : ‘जगदीश, आई सुखरूप आहे. फोन कर.’ खाली स्वतःचा नंबर. सोनुबाईंना एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आईच्या आदी ‘तुजी’ लिव. कोणाची आई, कसं कळायचं?" भाभींनी वर बारीक अक्षरांत ‘तुझी’ घातलं. संध्याकाळी पाचला सोनुबाईंची ट्रंक टेंपोत चढली.

जुलैच्या अकरा तारखेला, भर दुपारी, चाळीची मागची बाजू बसली. नऊच्या नऊ खोल्यांवर छप्पर आलं. आम्ही धावत गेलो. चाळ रिकामी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी रहिमाभाभी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून एकेका घराला फोन लावत होत्या. "बुधी, कुठं हायस? पोरं कुठं हायत? समोर हायत ना? नाव घे एकेकाचं." नऊ फोन झाले. मग त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. मी त्यांचा हात धरला.

पेढे वाटायचं अंबाबाईंनी ठरवलं, भाभींनी घेऊ दिले नाहीत. "भिंत पडली त्याचे पेढे?" एवढंच म्हणाल्या.

पुढची भिंत मात्र राहिली. आणि तिथून वेगळंच सुरू झालं. रस्त्याने जाणारे लोक नंबर वाचायचे. कोणाला वाटायचं, हरवलेल्या माणसांचं ऑफिस आहे. चाळ रिकामी करणारी बाई खोली मिळवून देते, हे मात्र पंचक्रोशीत पसरलं होतं. खोपोलीतून फोन आला, सासऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या एका बाईचा. कर्जतहून आला, मालकाने सामान अंगणात टाकलेल्या जोडप्याचा. भाभी वैतागायच्या आणि निघायच्या.

ऑक्टोबरात एक फोन आला. पुरुषाचा आवाज : "आईला सांगा, मी ठीक हाय." भाभी "कुठून बोलतोस, बाबा?" म्हणेपर्यंत कट. परत लावला तर बंद. निरोप द्यायला आम्ही दोघी गेलो. रडारड होईल म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. सोनुबाई चिडल्या. "ठीक हाय तर ये ना मग! निस्तं सांगून काय करायचं?" मग उठून भाभींना बळेच जेवायला बसवलं. भाकरी आणि सुकटीची चटणी. त्या दिवशी भाभींनी पूर्ण जेवण केलं, कारण सोनुबाई समोरून हलतच नव्हत्या.

जानेवारीच्या ग्रामसभेत योगेंद्र भाऊसाहेबांनी आपणहून विषय मांडला. बाजारपट्ट्यातल्या पंचायतीच्या गोदामावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या दुरुस्त करून अडचणीतल्या कुटुंबाला पंधरा दिवस द्यायच्या आणि तेवढ्या अवधीत भाड्याची खोली शोधून द्यायची. ‘पंधरा दिवस’ हे भाभींनी घालायला लावलं. एक सदस्य म्हणाला, "महिना ठेवा की." भाभी म्हणाल्या, "महिना ठेवलात तर मी महिन्याने शोधायला लागेन."

परवा मंगळवारी पोशीरहून एक बाई दोन मुलींना घेऊन ऑफिसात आली. मालकाने कुलूप बदललं होतं. ती काय झालं ते सांगायला लागली, मध्येच अडखळली. भाभींनी तिला थांबवलं. "ते नंतर. पोरींची शाळा कोणती?" तिने नाव सांगितलं. भाभी म्हणाल्या, "त्या शाळेजवळ कुठं खोली हाय ते बघावं लागेल. शाळा नको सुटायला." गोदामाच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावरून उचलली, धाकटीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि दाराकडे निघाल्या. माझा चहा यायचा होता. मी स्कूटरची चावी घेतली.