चौसष्ट नंबरचं पुस्तक

हुद्दा म्हणाल तर देवघेव कारकून, पण वाचनालयात लहानथोर सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. अंगाने बेताचे, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला टेबलावर वाकून ऐकावं लागे. खऱ्या आयुष्यात त्यांनी कुणाला पकडलं असेल तर पुस्तकांची पानं दुमडणाऱ्यांना. पण रहस्यकथांचं कपाट एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं आणि त्या कपाटापुढे ते कुणाच्या बापाला भीत नसत.

वाचक आला की ते पहिला प्रश्न विचारत, "मागच्यातला खुनी कितव्या पानावर सापडला?" उत्तरावर पुढचं पुस्तक ठरे. प्रत्येक रहस्यकादंबरीत शेवटच्या प्रकरणाआधी त्यांनी एक कोरी चिठ्ठी ठेवलेली असे. वाचकाने तिथे थांबायचं, आपला संशय कुणावर ते लिहायचं, पान नंबर टाकायचा, आणि मगच पुढे जायचं. पुस्तक परत आलं की इन्स्पेक्टर चिठ्ठी वाचत, गालातल्या गालात हसत आणि खणात टाकत. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'खुनी कोण, हे इथे बोलू नये.' एका निवृत्त न्यायाधीशांनी ही पाटी मोडली, तेव्हा त्यांनाही आठ दिवस नुसतं प्रवासवर्णन दिलं होतं.

त्यांच्या सगळ्या वाचकांत अव्वल म्हणजे नर्सबाई. आता निवृत्त, पण चाल अजून वॉर्डातलीच. आठवड्याला दोन पुस्तकं, आणि एकतीस वर्षांत चिठ्ठीवरचं नाव चुकलं फक्त चार वेळा. त्या चारही पुस्तकांची नावं इन्स्पेक्टरांना तोंडपाठ होती.

खणात चिठ्ठ्यांच्या खाली एक हिरवी वही होती. तिच्यात शंभर पुस्तकं, प्रत्येकाची शिफारस तीन ओळींत, खुन्याचा वासही लागू न देता. पुस्तकं चांगली-वाईट अशी लावलेली नव्हती, माणसांप्रमाणे लावलेली होती. पन्नासाव्या पानाच्या आत खुनी ओळखून वर शेखी मिरवणाऱ्यांसाठी वेगळी, शेवटचं पान आधी वाचणाऱ्या लबाडांसाठी वेगळी. दवाखान्यात पडून असलेल्यांसाठी विषप्रयोग नसलेली. नुकताच नवरा गेलेल्या बाईसाठी, ज्यांत विधवेवर संशय येत नाही अशी. ही वही इन्स्पेक्टरांनी कधी कुणाला दाखवली नाही. सगळं तोंडी सांगायचं, जणू आत्ताच सुचलं. एवढी एक ऐट त्या माणसाला होती, आणि तीच त्याच्या मुळावर आली.

वहीतलं चौसष्ट नंबरचं पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी एक रहस्यकादंबरी लिहिली होती, एका घड्याळवाल्याच्या खुनाची. बायको तेव्हा एका कचेरीत टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि एका हाताने टाइप, असं करत तिने ती तीन महिन्यांत पुरी केली. तीन प्रकाशकांनी ती परत पाठवली. तिसऱ्याने तर पाकीटही फोडलं नव्हतं. मग इन्स्पेक्टरांनी ती वाचनालयाच्या बाइंडरकडून बांधून घेतली, लेखकाच्या जागी 'एक वाचक' असं टाइप करवलं, दाखल नंबर टाकला आणि गुपचूप खालच्या फळीवर ठेवून दिली. हजारो पुस्तकं त्यांनी लोकांच्या गळ्यात मारली, पण हे एक पुस्तक पुढे करायला त्यांची जीभ कधी उचलली नाही. आतली चिठ्ठी कोरीच राहिली. फक्त एकदा, कधीतरी धीर करून, त्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या : 'या घरात सगळे खरं बोलतात. म्हणूनच कुणाचं धरावं ते कळत नाही. घाई करू नका, घड्याळांकडे लक्ष ठेवून वाचा.'

वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं झाली. कार्यवाह, म्हणजे संस्थेचा सगळा कारभार बघणारे गृहस्थ, टेबलाशी आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"इन्स्पेक्टर, रहस्यकथांची एक पुस्तिका काढावी म्हणतो. शिफारशींची. तुमच्याकडे काही टिपणं आहेत का?"

एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. पानापानावर खुनी हुंगणारा हा माणूस, पण समोर खुर्ची ओढून बसलेल्या माणसाच्या हेतूचा त्याला वासही आला नाही. उलट घरी जाऊन दोन दिवस खपून त्यांनी वहीतली खाडाखोड नीट केली आणि हिरवी वही नव्या कागदात गुंडाळून दिली.

पुस्तिका आली ती समारंभाच्या दिवशी सकाळी. मुखपृष्ठावर कार्यवाहांचं नाव, आत कार्यवाहांचा हसरा फोटो, आणि त्यामागे इन्स्पेक्टरांच्या शंभर शिफारशी, स्वल्पविरामाचाही फरक न करता. शेवटच्या पानावर एक ओळ होती : 'वाचनालयाच्या कर्मचारीवर्गाचेही सहकार्य लाभले.' इन्स्पेक्टर त्या वेळी सभागृहात खुर्च्या मांडत होते. सहकार्य चालूच होतं.

वही मागितली तर कार्यवाह म्हणाले, "छापखान्यात राहिली वाटतं. बघतो." ती काही परत आली नाही.

जेवायला घरी आल्यावर त्यांनी पुस्तिका बायकोपुढे टाकली. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. एकदाही हळहळली नाही.

"मेल्याने चौसष्टसुद्धा उचललं," ती म्हणाली. "वाचलं असेल का त्याने?"

"चिठ्ठी कोरी आहे. पुस्तक जागचं हललेलं नाही."

"मग झालं तर. सगळ्यांदेखत विचारा, चौसष्टमधला खुनी कोण. बघू काय सांगतो."

इन्स्पेक्टर वाटभर तो प्रश्न घोकत गेले. दुपारी सभागृह भरलेलं होतं. भाषणं झाली, हार झाले, कार्यवाह म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा." मागच्या रांगेत इन्स्पेक्टर उभे राहिले.

"चौसष्ट नंबरच्या पुस्तकातला खुनी कोण, ते सांगाल का?"

लोकांना ऐकू गेलं नाही. त्यांना पुन्हा विचारावं लागलं, मोठ्याने. कार्यवाह क्षणभर थांबले. हाच तो क्षण, असं इन्स्पेक्टरांना वाटलं. त्यांच्या कपाटातल्या कादंबऱ्यांत अशा वेळी खुन्याच्या हातातला पेला पडतो.

कार्यवाहांनी पेला उचलला, पाणी प्यायले आणि हसले. "अहो इन्स्पेक्टर, खुनी कोण हे इथे बोलू नये. ही पाटी तुमचीच ना?"

सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. शेजारच्याने इन्स्पेक्टरांना कौतुकाने खाली बसवलं. आपणच घातलेल्या नियमाने आपलंच तोंड बंद झालेलं पाहून ते हातात हात घेऊन बसून राहिले. रागही यायला हवा होता तितका आला नाही, लाजच जास्त वाटली.

"आता नर्सबाईंना द्या ते पुस्तक," रात्री घरी बायको म्हणाली. "पुस्तिकाही त्यांनी वाचलीच असेल. त्यांच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. तुम्ही काही सांगू नका. त्यांनाच ओळखू द्या."

हे इन्स्पेक्टरांना पटलं. आपण ओरडून सांगण्यात काय अर्थ? पुरावा समोर ठेवायचा आणि जाणत्या माणसाला निष्कर्ष काढू द्यायचा. एका माणसाला जरी कळलं, तरी त्यांचं भागणार होतं. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा त्यांनी खालच्या फळीवरून पुस्तक काढलं, धूळ पुसली आणि तारखेचा शिक्का मारला. शिक्का जरा तिरका उमटला.

पुढचे चार दिवस दारात चप्पल वाजली की ते मान वर करत. पाचव्या दिवशी नर्सबाई आल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवून समोर बसल्या.

"इन्स्पेक्टरसाहेब, चुकले मी. पाचव्यांदा."

इन्स्पेक्टरांनी चिठ्ठी काढली. घड्याळवाल्याच्या भाच्याचं नाव होतं, पान एकशे बारा. एकशे बाराव्या पानावर वाचकाचा संशय भाच्यावर जावा म्हणून त्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी तो प्रसंग सहा वेळा लिहिला होता. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"असं पुस्तक इतकी वर्षं दडवून ठेवलंत?" नर्सबाई म्हणाल्या. "शेवटच्या प्रकरणात मी रडले हो. पण एक सांगू? खुनी नाही सापडला, तरी लेखक सापडला मला. चिठ्ठी उलटी करा."

त्यांनी चिठ्ठी उलटी केली. स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं होतं : 'लेखक – आपले कार्यवाह.'

"सरळ आहे," नर्सबाई बोटांवर मोजू लागल्या. "आधी पुस्तिका वाचली, मग हे. तीच छोटी वाक्यं, तोच खवचटपणा. दोन्ही एकाच हातचं, याबद्दल मी पैज लावते. शिवाय लोक स्वतःचं पुस्तक यादीत हळूच मध्ये घालतात, पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं आम्हाला तोंडी सांगायचात, तीसुद्धा त्यांचीच वाक्यं. तेव्हा लक्षात नाही आलं, पुस्तिका वाचल्यावर आलं. काल भेटले तेव्हा विचारलंच मी त्यांना."

"काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते हसले. मोठी माणसं, कबूल कुठली करायला."

एकही दुवा चुकला नव्हता. त्यांनीच शिकवलेल्या वाटेने बाई एकेक पाऊल नीट टाकत आल्या होत्या आणि भलत्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"नर्सबाई," इन्स्पेक्टर म्हणाले, "ते मी लिहिलंय. पुस्तकही आणि यादीही."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तापात बरळणाऱ्या पेशंटकडे पाहावं तशा, मायेने. मग त्यांच्या हातावर थोपटलं.

"शेवटी खोटी कबुली देणारा एक जण असतोच. हे तुम्हीच मला शिकवलंत," त्या म्हणाल्या. "चला, आता पुढचं काय देताय?"

इन्स्पेक्टरांनी पुढचं दिलं. शिक्का मारला, चिठ्ठी खणात टाकली.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"आल्या होत्या का? काय म्हणाल्या?"

"आवडलं त्यांना. रडल्या म्हणे शेवटी. खुनी सापडला नाही."

तिचा चेहरा इतका उजळला की त्यांनी नजर खाली वळवली आणि चपला काढायला वाकले.

"आणि कुणाचं आहे, ते कळलं त्यांना?"

"सांगितलं मी," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला आत गेले.